मी ते शिरा, मार्गे गाल

नोआ शेवटी आपल्या आजोबांशी बोलली. एकच शब्द बोलली, पण बोलली; तोही एसटीत, भरल्या गाडीत, साक्षीदारांसमोर.

आता हे विसरा. असं काही घडलेलं नाही. गोष्ट सुरू होते तेव्हा नोआ बोललेली तर नाहीच, भारतात आलेलीही नाही. ती तिकडे इस्रायलमध्ये, अश्दोदला आपल्या घरी आहे आणि तिचे आजोबा इकडे पेणला ओट्यावर फोन घेऊन बसलेत. शेजारी मी. माझं काम एवढंच, की फोन त्यांच्या तोंडासमोर राहील हे बघायचं. लक्ष नसलं तर ते फोन कानाला लावतात, आणि मग तिकडच्या सगळ्या कुटुंबाला बराच वेळ नुसता एक कान दिसत राहतो.

आजोबा म्हणजे बेंजामिन पेणकर, आमच्या आळीचे बेंजूकाका. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. नोकरीतली बरीचशी वर्षं पेण–रोहा गाडीवर गेली. काका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांचे सगळे भाऊबंद एकेक करत इस्रायलला गेले, त्यामुळे आता जगात पेणकर पुष्कळ आहेत, फक्त पेणला एकच आहे. मुलगा एझ्राही तिकडेच. मिरियमकाकी रोह्याच्या, त्या गेल्या तेव्हा त्यांना त्यांच्या इच्छेप्रमाणे रोह्यालाच माती दिली. नोआ ही एझ्राची मुलगी. वय सहा. पुढचा एक दात नाही. भाषा हिब्रू, दुसरी कुठलीही नाही.

"हाय," पडद्यावर येऊन नोआ म्हणाली.

"हाय ना," काका म्हणाले. "हितंच हाय."

यानंतर पडद्यावर छताचा पंखा दिसला. नोआ पळून गेली होती.

"हे बोलणं धरायचं का?" मी विचारलं.

"नाय." काकांनी फोन माझ्याकडे दिला. "ती बोलली इंग्लिशमधलं, मी बोललो आपलं. एका फलाटावर दोन गाड्या लागल्या म्हणून पॅसेंजरांची भेट झाली, असं होत नाय."

थंडीत एझ्रा बायको-मुलीला घेऊन आठवडाभर येणार होता. काकांचं तेव्हाच ठरलं. जायच्या आधी नोआने त्यांच्याशी एकदा बोलायचं. थेट. मधे एझ्राने दुभाषेगिरी करायची नाही. "पुढच्या खेपेला ती केवढी असेल आणि मी कुठे असेन, कोण सांगणार," असं म्हणून ते शेवग्याच्या शेंगा सोलत बसले.

मी त्यांच्या फोनवर हिब्रू शिकवणारं ॲप टाकून दिलं. त्यातली बाई रोज विचारायची, सफरचंद कुठे आहे? काकांना ते कधीच सापडलं नाही. नवा शब्द सकाळी डोक्यात चढायचा आणि जेवणाच्या आत उतरून जायचा.

"पण तुम्हाला प्रार्थना येतात की हिब्रूत. तोंडपाठ."

"त्या देवाशी बोलायच्या. अर्थ त्याला माहीत हाय, मग मला कशाला पायजे?"

हे बोलणं चाललेलं असताना समोरच्या धोंडुबाई आल्या. मिठागरावर आयुष्य काढलेली बाई. आवाजही तसाच, वारा कापत जाणारा. त्यांनी काकांसाठी बिस्किटांचा डबा आणला होता. आत सुकी मांदेली होती. याचं कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. आमच्या आळीत बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं निघाली तर लोक चौकशी करायला येतील.

काका त्या डब्याकडे बघत राहिले.

"प्रणित," ते मला म्हणाले, "नवे डबे आणायचेच नाय. घरात हायेत त्याच डब्यात तिकडचं सामान भरायचं."

म्हणजे असं: हिब्रूतले तेवढेच शब्द शिकायचे, जे आवाजाने मराठीत आधीपासून आहेत. जीभ जुनी, शब्द जुना, आतला माल फक्त बदलायचा. ही योजना मला इतकी बावळट वाटली, की मी ताबडतोब कामाला लागलो.

मी जोह्याला गणपतीच्या कारखान्यात साच्याचं काम करतो. साच्यातून निघालेलं अंग एकच असतं. त्याला फेटा बसवला की एक गणपती, मुकुट बसवला की दुसरा, आणि दोन गिऱ्हाइकं एकमेकांसमोर उभी राहून आपलाच वेगळा म्हणून खुशीत घरी जातात. त्यामुळे एका आकाराचे दोन अर्थ होतात, याचं मला कौतुक नव्हतं. कौतुक याचं होतं, की इथे दोन कारखाने होते, दोघांत समुद्र होता, दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नव्हतं, आणि माल तरी हुबेहूब. मग वाटलं, साचे तरी किती असणार? दोन ओठ, एक जीभ, काही दात. नोआकडे तर त्यातही एक कमी. माणसाच्या तोंडातून निघून निघून निघणार काय? कुठेतरी कोणाचा तरी आकार जुळायचाच.

जुळले ते असे. 'तेल' म्हणजे तिकडे टेकाड. काकांचे पूर्वज कोकणात घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनिवारतेली म्हणत. "इतकी वर्षं आम्ही काढत होतो ते टेकाड निघालं," काका म्हणाले. 'पार' म्हणजे बैल. पारावर बसणाऱ्यांविषयी त्या भाषेला आधीपासून माहिती असावी. 'साल' म्हणजे टोपली. 'गाल' म्हणजे लाट. 'ही' म्हणजे ती, जी आपल्याकडेही फार लांब नसते. 'शिरा' म्हणजे गाणं. 'नाना' म्हणजे पुदिना. हे मी कोपऱ्यावरच्या कमळाकरनानांना मुद्दाम जाऊन कळवलं. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि "चालेल," म्हणाले.

आणि 'मी' म्हणजे कोण.

"कोण म्हणजे?" काकांनी विचारलं.

"कोण म्हणजे कोण. प्रश्नातलं. दारावर कोणी आलं की विचारतात ना, कोण? ते."

काकांनी छातीवर हात ठेवून बघितला. मग म्हणाले, "आपल्याकडे माणसं जन्मभर विचारत बसतात, मी कोण, मी कोण. तिकडे एकाच शब्दात भागतं. अर्ध्या तिकिटात प्रवास."

आठ शब्द झाले. काकांनी ते पाठही केले. पण कंडक्टरने पाठ करावेत तसे केले, आणि भानगड झाली ती तिथे. त्यांच्या डोक्यात आयुष्यभर एकच गोष्ट टिकली होती, मार्ग. पेण, वडखळ, आमटेम, नागोठणे, भिसे खिंड, रोहा. तशीच आता 'मी ते शिरा' अशी गाडी सुटली: मी, ही, तेल, पार, गाल, साल, नाना, शिरा. प्रत्येक थांब्याची एक खूण. 'मी'ला छातीवर हात, 'गाल'ला गालावर बोट, 'नाना'ला कमळाकरनाना राहतात त्या दिशेला मान. गाडी झकास धावायची, पण मधूनच चढायची सोय नव्हती. "काका, लाट?" असं विचारलं की ते डोळे मिटून 'मी'पासून सुटायचे आणि पाचव्या थांब्यावर येऊन "गाल!" म्हणायचे. 'नाना' हवा असेल तर चहा ठेवून यावं.

"असं बोलतात का कोणी?" मी म्हटलं.

"तुला वडखळला जायचं असेल तर गाडी पेणवरनं सुटणार ना? का ती एकदम वडखळलाच उगवणार?"

मी चहा ठेवायला उठलो.

पाहुणे आले. एझ्राने टॅक्सीतून उतरल्या उतरल्या वडिलांना मिठी मारली आणि बायकोची ओळख करून दिली. तिचं नाव शीरा. धोंडुबाई दारातच होत्या.

"काय गो नाव म्हणलास हिचं?"

"शीरा, मावशी. तिकडे शिरा म्हणजे गाणं."

"शिरा! मग पोरीचं नाव सांजा ठेवायचं ना रे! जोडी झाली असती."

शीरा गोड हसली. तिला कळलं काहीच नव्हतं, पण हसण्यावरून धोंडुबाईंनी तिला पास केलं आणि कोपरात हात घालून तिला घरात नेलं. नोआ आईच्या ओढणीमागे गेली आणि तिथेच राहायला लागली.

मग एझ्राने मला बाजूला घेतलं. "प्रणित, एक करशील? नोआसमोर पप्पांना काका म्हणू नका."

"का?"

"तिकडे लहान मुलं... सकाळी पोट साफ होतं ना, त्याला काका म्हणतात."

मी ही बातमी पूर्ण गांभीर्याने आळीत फिरवली. फिरवायला नको होती. त्या दिवशी जो तो दारावरून जाताना बेंजूकाकांना हाक मारायचं लक्षात ठेवून गेला. "काय काका, झाली का?" असंही एकाने विचारलं. ओढणीमागून नोआचं हसू ऐकू आलं, फुटाणे फुटावेत तसं.

"हसली!" मी म्हटलं.

"हसणं धरायचं नाय," काका म्हणाले. "बोलणं पायजे. आणि माझ्याशी."

संध्याकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, नोआसमोर खुर्ची ओढून बसले आणि घसा साफ केला. त्यांना तिला गाणं येतं का, एवढंच विचारायचं होतं. म्हणजे शेवटचा थांबा.

"मी," ते छातीवर हात ठेवून म्हणाले. "ही. तेल. पार. गाल. साल. नाना. शिरा?"

नोआच्या बाजूने विचार करा. एक अनोळखी म्हातारा समोर बसतो आणि एकेक खूण करत गंभीरपणे म्हणतो: कोण. ती. टेकाड. बैल. लाट. टोपली. पुदिना. गाणं? माझ्या मते तिने पळून न जाणं हाच मोठेपणा होता. ती पळाली नाही. तिने फक्त ओढणी डोक्यावरून घेतली.

"पप्पा, मी सांगू का तिला?" एझ्रा म्हणाला.

"तू मधे चढू नको."

मग रोजच ही गाडी सुटायला लागली. सकाळी चहाला, दुपारी जेवताना, संध्याकाळी ओट्यावर. काका मार्ग म्हणायचे, खुणा करायचे, ओढणीतून एक डोळा बघायचा, उत्तर नाही. एझ्रा सुट्टी मोजत होता, काका मोजत नव्हते, पण 'शिरा' म्हणताना त्यांचा आवाज रोज थोडा बसत चालला होता. एकदा मला म्हणाले, "रिकामी गाडी न्यायचीपण सवय असते म्हणा. डेपोत सांगितलं की नेतो माणूस."

परत जायच्या आदल्या दिवशी सगळे मिरियमकाकींच्या कबरीवर जायला निघाले. मलाही घेतलं. एझ्राने गाडी ठरवली होती. काकांनी ती परत पाठवली.

"मिरियम जन्मात कधी भाड्याच्या गाडीत बसली नाय. तिला भेटायला एसटीने जायचं." शिवाय त्यांना पंच्याहत्तरीनंतर तिकीट माफ होतं. नोकरीत होते तेव्हाही माफ होतं. अख्ख्या आयुष्यात इतकी कमी तिकिटं काढलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, आणि याने लाखो लोकांना तिकीट काढायला लावलं.

रोह्याला कबरीवर काकांनी इकडच्या रिवाजाप्रमाणे सब्जाची डहाळी ठेवली. नोआने तिकडच्या रिवाजाप्रमाणे एक खडा ठेवला, मग अजून एक, मग तो नीट बसत नाही म्हणून तिसरा. काका लांब उभे राहून बघत होते. त्यांनी मार्ग म्हटला नाही. तिथे त्यांनी प्रार्थना म्हटली, तोंडपाठ, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि मला दिसलं, की ओढणी बाजूला करून नोआ टक लावून त्यांच्या तोंडाकडे बघतेय. अर्थ न कळता म्हणणारा एक आणि अर्थ कळणारी एक, आणि मधून वारा चाललेला.

परतीची गाडी भरलेली होती. धाटावच्या कारखान्यांची शिफ्ट सुटल्यामुळे कंपनीची पोरं उभी. कंडक्टर ऋतुजा नावाची मुलगी होती. तिने काकांना ओळखलं आणि कंडक्टरची सीट सोडून दिली. नोआला बसायला जागा तेवढीच होती, काकांच्या शेजारी. ती बसली. एझ्रा, शीरा आणि मी दांडा धरून उभे. ओढणी प्रथमच लांब होती.

भिसे खिंड गेली. नागोठणे गेलं. ऋतुजाच्या आधी काकाच थांबे पुटपुटत होते. आमटेमनंतर ते नोआकडे वळले. आता गाडी परतीची होती, त्यामुळे मार्गही परतीचा. यात त्यांना काही विचार करावा लागला नाही. रोह्याहून पेणला येताना वडखळ आधी आणि नागोठणे नंतर असं कोण म्हणेल?

"शिरा," काका म्हणाले. "नाना. साल."

आणि थांबले.

मला वाटलं, मुद्दाम. मग मी त्यांचा चेहरा बघितला. त्यांचा हात वर उचललेला होता, बोट कुठे लावायचं ते त्या बोटाला आठवत नव्हतं. ओठ हलत होते. पुन्हा "शिरा, नाना, साल," आणि पुन्हा तिथेच. आयुष्यात एक थांबा न चुकवलेला माणूस भर रस्त्यात उभा राहिला होता आणि त्याला पुढचं गाव सापडत नव्हतं. एझ्रा पुढे झुकला. मी त्याचा हात धरला. का धरला माहीत नाही. त्याने मधे चढू नये एवढंच कळत होतं.

काकांचा हात हळूहळू खाली यायला लागला.

"गाल!" नोआ म्हणाली.

कुजबुजून नाही. रागावून म्हणाली. आठवडाभर दिवसातून तीनदा ऐकलेली गोष्ट कोणी मधेच चुकवली, की लहान मुलं जशी रागावतात तशी. आणि तिने आपलं बोट आपल्या गालावर टेकवलं, काका टेकवायचे तसंच.

काकांनी पुढे जे केलं ते त्यांनी केलं नाही, त्यांच्या उजव्या हाताने केलं. कोणी थांब्याचं नाव घेतलं की तो हात वर जातो. तो गेला, डोक्यावरची दोरी सापडली आणि घंटी वाजली. टिंग. एक घंटी म्हणजे थांबा. ड्रायव्हरने गाडी थांबवली.

बाहेर काही नव्हतं. रस्त्याखालची एक मोरी, कापून झालेली भातखाचरं, लांब खाडीच्या पाण्याची एक पट्टी.

"कोण उतरतंय?" ड्रायव्हर ओरडला.

कोणी उतरत नव्हतं. ऋतुजा गर्दीतून वाट काढत आली. "काका, कोण उतरतंय?"

'काका' ऐकून नोआला हसू फुटलं. ती हसता हसता काकांच्या दंडावर पडली.

"उतरत कोणी नाय," काका म्हणाले. "एक चढलं."

ऋतुजाने त्यांच्याकडे बघितलं, नोआकडे बघितलं, आणि काही न विचारता दोनदा दोरी ओढली. टिंग टिंग. गाडी निघाली. पार, तेल, ही. शेवटच्या थांब्यापर्यंत दोघं बरोबर गेले, आणि "मी" म्हणताना दोघांनी आपापल्या छातीवर हात ठेवला.

आता वाद असा आहे, की नोआ नक्की काय बोलली. एझ्रा म्हणतो, लाट; खिडकीतून पाणी दिसत होतं, आणि पोरीला दुसरी भाषा येत नाही. धोंडुबाई गाडीत नव्हत्या, त्यामुळे त्यांना खात्री आहे. "बोट गालाला लावलं ना? मग मराठीच बोलली पोर. पाणी दिसलं म्हणून कोणी गालाला हात लावतो काय रे?" कमळाकरनानांनी पुदिना या नात्याने तटस्थ राहायचं ठरवलं आहे. मी काकांना विचारलं.

"मला काय विचारतोस? डब्यात काय होतं ते उघडून बघायला मला वेळ कुठे मिळाला?"

नोआ गेली. आता फोनवर काका सुटतात, "मी, ही, तेल, पार," आणि थांबतात. तिकडून "गाल!" येतं. हल्ली ते 'साल'च्या आधीही थांबतात. परवा 'पार'च्या आधीच थांबले. मुद्दाम थांबतात की खरंच हरवतं, हे मी विचारत नाही. फोन त्यांच्या तोंडासमोर धरून बसतो. ती प्रत्येक वेळी बरोबर थांबा सांगते.

मी एक अर्ज केला आहे. काकांनी त्यावर सही केली, धोंडुबाईंनी अंगठ्याची गरज नसताना अंगठाही उठवला. मजकूर असा:

मा. आगार व्यवस्थापक यांस सविनय सादर, की रोहा–पेण मार्गावर आमटेम व वडखळ यांच्या दरम्यान, मोरीजवळ, 'गाल' या नावाचा विनंती थांबा मंजूर करण्यात यावा. सदर ठिकाणी वस्ती नाही, कोणी उतरत नाही व चढणारी प्रवासी एकच असून ती सध्या परदेशी आहे, याची अर्जदारांना कल्पना आहे. तरी प्रत्येक गाडीने तेथे एक घंटी देऊन थांबावे, कोणी न उतरल्यास दोन घंट्या देऊन निघावे, आणि पाटीवर फक्त नाव लिहावे, अर्थ लिहू नये, ही विनंती.